मेळघाटांतील वाघांची मोजणी

अमरावतीहून परतवाडा मागें टाकून उत्तरेस निघालें कीं, वऱ्हाडची काळी सपाट जमीन संपते आणि सातपुड्याचे गाविलगडचे डोंगर सामोरे येतात. अनेक घाटांचा येथें मेळ, म्हणून प्रदेशाचें नांव मेळघाट. चिखलदऱ्यास भीमानें कीचकाला मारून दरींत लोटिलें, ही तिकडील आख्यायिका पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. आम्ही मात्र या खेपेस वाघ पाहावयास गेलों नव्हतों. वाघ मोजतात कसे, हें समजून घ्यावें म्हणून सिपना नदीकांठच्या सेमाडोहास उतरलों होतों.

एका वनरक्षकासमवेत आम्ही सकाळींच निघालों. सागाचीं पानें झडलेलीं, पायांखालीं पाचोळा. हा गृहस्थ जातीचा कोरकू. बुंध्यावरील नखांचे ओरखडे आमच्या चष्म्यास दिसण्यापूर्वींच त्यानें दाखविले. पुढें वाटेच्या दोहों बाजूंस झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधलेले होते. समोरून एखादा उष्ण देह हालला कीं छायाचित्र आपोआप निघतें. दोन कशासाठीं, असें आम्हीं विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, वाघाचे डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. एकच बाजू दिसली, तर एकाचे दोन वाघ व्हायचे." दोन वाघांचे पट्टे कधींही सारखे नसतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेंच तें आहे.

पूर्वीं ही मोजणी पावलांवरून होत असे. उमटलेल्या पावलावर कांच धरून आकृति काढावयाची, प्लास्टरचा सांचा घ्यावयाचा, आणि हा अमुक वाघ असें ठरवावयाचें. न्यायशास्त्राच्या भाषेंत हें अनुमान. पण त्यांतील हेतूच सदोष. तेंच पाऊल चिखलांत एक दिसतें, धुळींत दुसरें. राजस्थानांतील सरिस्का अरण्यांत २००४ च्या गणनेप्रमाणें १६ ते १८ वाघ होते. २००५ सालीं कसून शोध करतां एकही उरला नाहीं असें आढळलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं रान रितें केलें, तरी कागदावरचे वाघ जिवंतच होते!

२००६ पासून दर चार वर्षांनीं देशभर नव्या पद्धतीनें गणना होते. वनरक्षक पायीं हिंडून विष्ठा, ओरखडे व हरणें-सांबरें यांची नोंद करतात. तिला छायाचित्रांची जोड मिळते. २०२२ सालीं ३,०८० निरनिराळे वाघ छायाचित्रांत ओळखूं आले, आणि न टिपलेले धरून एकंदर अंदाज ३,६८२ झाला. प्रत्यक्ष किती व अनुमान किती, हें येथें वेगळें करून सांगितलें आहे, हें आम्हांस विशेष वाटलें.

तिसरें प्रमाण शब्द, म्हणजे आप्तवाक्य. वक्ता आप्त नसेल तर काय होतें, हें रानपिंगळ्यानें दाखविलें. १८८४ नंतर या लहानशा घुबडाची खरी नोंद नव्हती. मायनर्ट्झहॅगन या ख्यातनाम इंग्रज संग्राहकानें मात्र १९१४ सालीं गुजराथेंत मांडवीस तो मिळविल्याचें लिहून ठेविलें होतें. तो नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहांतून चोरलेला निघाला. १९९७ सालीं पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती ती नोंद बाजूस सारून खानदेशांत शहाद्याजवळ गेले, आणि पक्षी सांपडला. पुढें तो मेळघाटांतही आढळला.

मेळघाटांतील बोरी, कोहा, कुंड या गांवांतील लोक वाघासाठीं आपलीं पिढीजात घरें सोडून बाहेर गेले. ज्या कार्यापायीं माणसांनीं चुली विझविल्या, त्याचा हिशेब तरी खोटा असूं नये. तो हिशेब कचेरींत लिहिला जातो खरा. पण त्याचें खरेपण, आमच्या पुढें चालणाऱ्या त्या कोरकू रक्षकासारखे लोक रोज किती पायपीट करतात व जें दिसलें तेंच लिहितात कीं नाहीं, यावर अवलंबून आहे.