शहीद कोणाची साक्ष देतो?

'शहीद' हा शब्द उर्दूतून मराठीत आला आणि इथलाच झाला. मूळ अरबी, साक्ष देणारा हा त्याचा पहिला अर्थ. आम्ही उर्दू शाळेतील शिक्षक. हा अर्थ मुलांना सांगताना एक प्रश्न आमच्यापुढे नेहमी उभा राहतो. रणांगणावर पडलेला तरणाताठा जवान नेमकी कशाची साक्ष देतो? आणि ती मागण्याचा हक्क कोणाला?

आमचे कुंभारी सोलापूरच्या वेशीवर आहे. २००६ साली इथे विडी कामगारांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. सोलापूर परिसरातल्या मुलांना हुतात्मे शिकवावे लागत नाहीत. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. ही चार नावे आमच्याकडे एका दमात घेतली जातात.

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ आला की आम्ही यशवंत घाडगे यांची हकीकत सांगतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा हा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्याने त्याची तुकडी कोसळली. तो एकटा उभा उरला. त्याने धाव घेतली, हातबाँब फेकून मशीनगन बंद पाडली. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून तो उरलेल्या दोघांशी भिडला. ती जागा जिंकली आणि तिथेच दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एका मुलाने विचारले, "कुर्बान हुसेनला फाशी देणाऱ्यांच्याच फौजेत हा होता. मग शहीद कसा?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, राज्य कोणाचे हे त्याने ठरवले नव्हते. पोटासाठी पलटणीत जाणे ही या मुलखाची जुनी रीत. विडीच्या मजुरीवर ज्यांच्या घरची चूल पेटते, त्यांना हे फोड करून सांगावे लागत नाही. शेजारी पडलेले सोबती मात्र त्याचे स्वतःचे होते.

दुसरा म्हणाला, "सर, उसमें अपने लोग थे क्या?" होते. मराठा पलटणींत पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. ऐकून वर्गातल्या माना ताठ झाल्या. त्या ताठ मानांचे आम्हाला कौतुकही वाटले आणि वाईटही. हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव घेतानाही असेच होते. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवता उडवता त्यांनी प्राण दिला. त्यांना परमवीर चक्र मिळाले. पण सभेत त्यांचे नाव उच्चारताना वक्त्याचा आवाज चढतो, जणू कचेरीत दाखला सादर होतो आहे. ज्याने जीव दिला, त्याला आमच्या निष्ठेचा दाखला का करावे? यशवंत घाडगे यांच्या नावाने कोणी काही सिद्ध करायला जात नाही. त्यांच्यासाठी माणूस नुसता हळहळतो. हमीद यांच्या वाट्याला तशीच निखळ हळहळ यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, उसके अम्मी को कौन बताया?" वर्ग गप्प झाला. पुस्तकात पराक्रमाला पान मिळते, आईला ओळही मिळत नाही.

इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. ५,७८२ परतले नाहीत. २०२३ च्या जुलैत तिथल्या माँतोने गावाने यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याचे बोधवाक्य आहे. ज्यांच्या मातीत तो पडला, त्यांनी त्याची जात, धर्म किंवा मालक विचारला नाही.

आता आमच्या वर्गाच्या भित्तिपत्रकावर घाडगे आणि हमीद शेजारी शेजारी आहेत. नावाखाली फक्त वय लिहिले आहे, २२ आणि ३२. मुले येता-जाता वाचतात. कोणी म्हणतो, माझ्या भाईजानएवढा. कोणी म्हणतो, मामूएवढा.