क्लचवरची बोटे

आमचा थोरला भोसरीहून चाकणला कामाला जातो, कंत्राटी. चाकणला १९९९ पासून बजाजच्या मोटारसायकली बनतात. तिथे पोचणारी आपली पोरे मात्र जुन्या गाड्यांवर. मोशीपाशी नाशिक रस्त्यावर गर्दी मुंगीच्या पावलाने सरकते. पोरे क्लच अर्धा दाबून, रेस देत गाडी रेटतात. क्लचप्लेटा तेलात बुडालेल्या असतात खऱ्या, पण अर्ध्या दाबात त्या घसरतात, तापतात, झिजतात. मग रेस वाढते, गाडी ओढत नाही.

शेजारच्या फिटरने त्याला बजावले : थांबलास की न्यूट्रल कर, चालताना लिव्हरवर बोटे ठेवू नकोस, लिव्हरला थोडा प्ले असू दे.

नव्या प्लेटा म्हणजे दोन-तीन दिवसांची हजेरी, आणि गाडी गॅरेजात असली की पहिल्या पाळीचा खाडा वेगळाच. आता तो न्यूट्रल करतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.