चाकावरची मोकळी जागा

नवी जिम्नी गॅरेजच्या दारात लागली की मालक उतरून आधी मडगार्डखाली हात घालतो. टायर आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत बोटं आरामात फिरतात आणि लगेच प्रश्न येतो, "दादा, एवढी जागा मोकळी हाय की वर! मोठा टायर बसंल न्हवं?"

त्या जागेबद्दल मला आदर आहे. गाडी उभी असताना ती मोकळी दिसते, पण चाकाला हलायला राखून ठेवलेली ती वाट असते. चाक दगडावर चढलं की त्या पोकळीत वर जातं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरची एक कड पुढं बंपरकडे झुकते आणि दुसरी मागं, आत चेसीकडे शिरते. वळण आणि चढ एकदम आले, म्हणजे आमच्या घाटातल्या कुठल्याही कच्च्या वाटेवर, तर ही सगळी जागा वापरात येते. मोठा टायर बसवायचा तर त्याच जागेतून वाटा काढून घ्यावा लागतो. किती काढायचा आणि कुठं थांबायचं, हे ठरवणं हेच आमचं खरं काम. नट आवळणं त्यामानानं सोपं.

कंपनीचा टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, डिस्क १५ इंची. खालची-वरची बाजू आणि डिस्क मिळून उभी उंची ६९३ मिलिमीटर भरते. बहुतेकांच्या मनात भरलेला असतो २३५/७५ आर १५. त्याची उंची भरते ७३३. चाळीस मिलिमीटरचा फरक ऐकून माणूस खूश होतो, पण गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, वीस मिलिमीटर. उरलेले वीस वर, त्या मोकळ्या जागेत जातात.

तरीही त्या विसांना मी कमी लेखत नाही. जिम्नीचे दोन्ही ॲक्सल सलग आहेत. डिफरन्शियलचा फुगीर भाग ॲक्सलसोबत खालीच राहतो. उंच स्प्रिंगा टाकून बॉडी कितीही उचला, तो जमिनीपासून तसूभर वर येत नाही. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, टायर. ओढ्यातले गोटे ज्याला खरोखर पार करायचे आहेत, त्याचा मोठ्या टायरचा हट्ट मला कळतो.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मी कागदावर मांडून दाखवतो. उंची सुमारे पावणेसहा टक्के वाढली, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, १३४ न्यूटन मीटरची ताकद. चाकाशी जमिनीला मिळणारा जोर साडेपाच टक्क्यांनी उतरतो. सपाटीवर हे जाणवणारही नाही. करूळ घाटात, भरल्या गाडीनं, ट्रकमागं पहिल्या-दुसऱ्यात चढताना जाणवतं आणि पाय क्लचवर जास्त वेळ राहतो. ब्रेक तेच, चाक मात्र मोठं आणि जड, त्यामुळे थांबवायलाही जास्त दाब लागतो. शिवाय मीटर कमी मोजायला लागतं: शंभर किलोमीटर गेलात की साडेचौऱ्याण्णवच दिसतात. महिन्याभरानं "ॲव्हरेज पडलं" अशी तक्रार येते तेव्हा त्यातला काही भाग या मोजणीचाच असतो.

आता डिस्क. कंपनीची साडेपाच इंच रुंद, आणि २३५ च्या टायरला किमान सहा लागते. अरुंद डिस्कवर ओढूनताणून चढवला तर टायरचा मधला भाग फुगतो आणि आधी तोच झिजतो. म्हणून डिस्क बदलायची ठरते. इथं पुष्कळजण फक्त दिसण्यावर जातात आणि चाक बाहेर काढणारी डिस्क निवडतात. चाक जितकं बाहेर, तितका वळताना टायरच्या पुढच्या कडेचा फेरा मोठा. बंपरचा कोपरा आणि मडफ्लॅप यांवर घासल्याच्या ज्या खुणा दिसतात, त्यांचा दोष बऱ्याचदा टायरपेक्षा डिस्कचा असतो. डिस्क ठरवताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि गिऱ्हाइकाला थांबायला लावतो.

टायर चढवला की खडू काढतो. पुढच्या टायरच्या दोन्ही खांद्यांवर जाड खडू घासायचा. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ओंडक्यांवर चढवायचं, म्हणजे त्या दोन्ही कोपऱ्यांतल्या स्प्रिंगा पूर्ण दाबल्या जातात. मग आधी डावीकडे, नंतर उजवीकडे फुल लॉक. ओंडके बदलून परत तेच. त्यानंतर बॅटरी घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं: आतल्या आर्मवर, प्लास्टिकच्या अस्तरावर, ब्रेकच्या होजजवळ कुठं पांढरं लागलंय का. अस्तरावर पुसट डाग चालतो. आर्मवर किंवा होजवर लागला तर टायर उतरवायचा, चर्चा नाही. पत्रा कापून जागा करा म्हणणारे येतात. त्यांना मी नाही म्हणतो.

स्टॉक गाडीला मी स्वतःहून सुचवतो तो २१५/७५ आर १५, ऑल टेरेन नक्षीचा. तो मूळ डिस्कवर बसतो, उंची दहाच मिलिमीटर वाढते, गिअरला कळतही नाही. लोड इंडेक्स मूळच्या ९६ च्या, म्हणजे ७१० किलोच्या खाली नको, एवढं पाहायचं. कोल्हापुरातून पश्चिमेला निघालं की लाल जांभ्याची निसरड, पूर्वेला शिरोळकडे उसाच्या फडातली काळी माती. काळ्या मातीत चर लगेच भरतात आणि चाक लाटण्यासारखं गुळगुळीत होतं. तिथं उंची कामाला येत नाही. खोल, रुंद चर लागतात आणि हवा उतरवायची तयारी लागते. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, तीच पकड. हळू चालवायचं आणि डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. म्हणून नव्या डिस्कच्या पैशांतून आधी एक चांगला कंप्रेसर घ्या, असं मी आग्रहानं सांगतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्याच्या मूळ रचनेपासून हटण्याविरुद्ध निकाल दिला. हे मी कामाआधी सांगतो, बिलाच्या वेळी नाही.

आणि स्टेपनी. चार मोठे टायर घेऊन पाचवा जुनाच ठेवायचा, ही काटकसर मला मान्य नाही. जिम्नीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. फोर-व्हील लागलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. एक चाक उंचीला लहान असेल तर कोरड्या, घट्ट जमिनीवर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. पंक्चर होणार जंगलातच, आणि फोर-व्हील लागणारही तिथंच. पाचवा टायर त्याच मापाचा घ्या, फिरवताना त्यालाही पाळीत धरा. मागच्या दारावर वजन वाढतं, तेव्हा बिजागऱ्यांचे बोल्ट प्रत्येक सर्व्हिसला तपासून घ्या. पाचही घ्यायला जो तयार नसतो, त्याला मी चार विकत नाही.