इस्राएल तळ्याजवळची खोली

पनवेलबद्दल कुणी लिहायला बसलं की आधी कर्नाळ्याचा सुळका येतो, मग एसटी स्टँडवरची झुंबड येते. हल्ली विमानतळही येतो. ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मला सांगायचंय ते जुन्या पनवेलात, इस्राएल तळ्याच्या अंगाला असलेल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीबद्दल. परवा तिकडे गेले तर वाड्याच्या जागी पत्रे ठोकलेले, आणि पत्र्यांवर पोहण्याच्या तलावात हसणारं एक गोरंगोमटं कुटुंब. वाडा पाडल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं माझं त्या घराशी नातंही नव्हतं. तरी राग आलाच.

ती खोली आत्याने भाड्याने घेतली होती. आत्या नगरची, मिशनच्या शाळेत हयात घालवलेली. छातीत गाठ निघाली आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे कागद झाले. परळचं टाटा १९४१ सालचं, खारघरचं त्या मानाने अलीकडचं, २००२ पासूनचं. तिचे उपचार खारघरला ठरले. तिथे बिहार, बंगाल, आसामपासून माणसं येतात, आणि औषधाची सोय झाली तरी राहायचं कुठे हा प्रश्न प्रत्येकाच्या पिशवीत असतो. आम्ही खारघरभर हिंडलो. "पेशंट कोण?" इथपर्यंत बोलणं गोड असायचं. आजाराचं नाव निघालं की खोली अचानक भाच्यासाठी राखलेली निघायची. एका सोसायटीतले गृहस्थ तर म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट एकच आहे हो." त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

शेवटी तीन स्टेशनं मागे, पनवेलला, ही खोली मिळाली. मालकीणकाकूंनी विचारलं ते एवढंच : "पाणी सकाळी लवकर येतं. चालेल ना?"

तळ्याचं नाव ऐकून आत्या खूश झाली. बेने इस्राएल ज्यूंचं जुनं सिनेगॉग पनवेलात आहे. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बरीचशी कुटुंबं पुढे इस्राएलला गेली. "ज्यांची स्तोत्रं आपण म्हणतो," आत्या म्हणाली, "त्यांचे भाऊबंद इथे मराठीत भांडत होते गं!" या गोष्टीचं तिला फार अप्रूप. किमोच्या गुंगीतही ती मला हे पुन्हा पुन्हा सांगायची.

त्या खोलीतली दिवेलागणीची वेळ मात्र माझ्या मनात जशीच्या तशी आहे. काकू पुढच्या ओसरीवर तुळशीपाशी दिवा लावत. तेवढ्यात आत्या मागे खाटेवर उठून बसायची, डोक्याचा रुमाल नीट करायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची. मोठ्याने म्हणजे शाळेत हजेरी घ्यावी तशी. आधी तक्रारी : "प्रभू, आज तोंडात फोड आहेत, पाणीसुद्धा झोंबतं. नर्सबाईंना शीर सापडेना, चार वेळा टोचलं. हे काही बरं नाही." मग आभार, तेही नावानिशी. ज्या पोरीला अखेर शीर सापडली तिचे. रांगेत जागा धरून ठेवणाऱ्या पाटण्याच्या बाईंचे. मीटर न लावता आणि जास्त न मागता सोडणाऱ्या रिक्षावाल्याचे. एकदा ती म्हणाली, "आणि सुकटीसाठी तुझे आभार." मला हसू फुटलं. नंतर कळलं, किमो झाली की तीन-चार दिवस काकू सुकट घरात भाजतच नसत. चूल मागच्या परसात, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला नेत. आम्हाला त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आत्याने वासावरून ओळखलं होतं, म्हणजे वास न येण्यावरून.

आजाराबद्दल मात्र तिने एकदाही आभार मानले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "मी काय वेडी आहे?"

धीर म्हणजे गप्प सोसणं, असं आमच्या ख्रिस्ती घरांत लहानपणापासून बायबलमधल्या ईयोबाचं नाव घेऊन शिकवतात. आत्याचा याला सक्त विरोध. म्हणायची, ईयोबाचं पुस्तक नीट वाच. पहिले दोन अध्याय सोडले तर माणूस पुस्तकभर देवाशी वाद घालतोय. गप्प बसा म्हणणारे त्याचे मित्र होते, आणि देव शेवटी रागावतो तो त्या मित्रांवर.

तसे एक मित्र आमच्याकडेही आले. ओळखीतून आलेले एक उपदेशक. तेल लावून प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, औषधं थांबवा, विश्वास कमी पडतोय. आत्याने त्यांना चहा दिला. मग म्हणाली, "लूक वैद्य होता, आणि पौल त्याला सोबत घेऊन हिंडत होता. पौलाचा विश्वास कमी होता का?" तिने त्यांना क्षमा केली असावी. मला ते अजून जमलेलं नाही.

किमोनंतर ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. मशीनखाली जेमतेम काही मिनिटं, बाकी सगळं बसणं. अंगावर आखलेल्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती जपून आंघोळ करायची. संध्याकाळी बरं असलं तर ना. वा. टिळकांचे अभंग म्हणायची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. ते काकूंना कुठून माहीत असणार? त्या ओसरीवरून विचारत, "तुकोबांचंच ना हे?" आत्या म्हणायची, "जवळपास."

ती बरी झाली, नगरला परतली, पुढे काही वर्षं जगली आणि गेली ती दुसऱ्याच दुखण्याने. याला कुणी चमत्कार म्हटलं की ती डॉक्टरांचं नाव सांगायची आणि पाठोपाठ काकूंचं.

आता पनवेलचे भाव वेगळे आहेत. उलव्याची टेकडी कापून विमानतळ झाला, २०२५ च्या डिसेंबरात विमानं उडू लागली, आणि जुने वाडे एकेक करून पत्र्यांआड जाताहेत. त्याला माझी हरकत असून उपयोग नाही. काकूंच्या मुलांनाही घरं हवीतच. पण खारघरच्या केंद्रात माणसं येतच आहेत. पाठीवर पिशवी, हातात फाईल, आणि रात्री कुठे टेकायचं ते ठरलेलं नाही. कॅन्सर शेजाऱ्याला लागत नाही, लिफ्टमधूनही नाही. खारघर-पनवेलात तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर ती पेशंटला द्या. आणि पाणी किती वाजता येतं, तेवढं आधी सांगून ठेवा.