सिंधूची जबानी

'एकच प्याला नाटकातील नीतिविचार' असा निबंध वर्गाला घातला, की वह्या उघडण्याआधीच शेवटची ओळ मला ठाऊक असायची. अशा प्रकारे या नाटकातून दारू पिऊ नये हा बोध मिळतो! चाळीस वह्या, चाळीस बोध. मुलांचा तरी काय दोष म्हणा, नाटकाचं नावच तसं आहे.

पण मंडळी, दारू वाईट एवढंच सांगायचं असतं तर गडकऱ्यांना पाच अंक कशाला लागले असते? ते काम भिंतीवरची पाटीसुद्धा करते.

जरा आठवून पहा. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते आणि तो अपमान त्याला सोसवत नाही. तळीराम पहिला प्याला पुढे करतो तो चैन म्हणून नव्हे, दुःखावरचा उतारा म्हणून. म्हणजे सुरुवात दारूपासून नाहीच, दुखावलेल्या मानापासून आहे. "सुधाकर नेमका कुठे घसरला?" असं विचारलं की तळीरामाच्या विनोदांना खदखदून हसणारा वर्ग गप्प व्हायचा. मी म्हणायची, आता लिहायला घ्या.

याहून अवघड जागा शेवटच्या अंकात आहे. श्रीमंत भाऊ असूनही सिंधू दळण दळून संसार चालवते आहे. नशेतल्या सुधाकराच्या हातून तान्हं मूल दगावतं, सिंधूही जबर जखमी होते. फौजदार चौकशीला येतो. आणि ही बाई मरता मरता खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते. सुधाकर मात्र स्वतःला माफ करत नाही, विष घातलेला शेवटचा प्याला घेतो.

१९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. गडकरी त्याच वर्षी २३ जानेवारीला गेले, त्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही. सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. माझ्या आजीच्या पिढीने सिंधूसाठी पदर ओले केले. आजीला विचारलं असतं, की सिंधू खोटं बोलली ते बरोबर की चूक, तर तिला प्रश्नच कळला नसता. पतीला वाचवलं, यात खरंखोटं कसलं?

पुढे मी नववीच्या वर्गात हे नाटक वाचून घेत असे, एकेकाला एकेक भूमिका देऊन. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने जेमतेम पानभर निबंध लिहिला. बोधबिध काही नाही. मला आठवतं ते असं: नाटकात सगळे बोलतात, बाळ बोलत नाही. त्याच्या वतीने आईने बोलायला हवं होतं. पण आई बोलली असती तर बाकीच्या सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली असती, हे तिला माहीत होतं.

चौदा वर्षांची पोर! तिच्या घरी संध्याकाळी काय चालतं ते आळीला ठाऊक होतं. चांगला निबंध वर्गात वाचून दाखवायची माझी पद्धत, पण हा मी वाचला नाही. वीसपैकी अठरा दिले. दोन गुण शुद्धलेखनाचे कापले, कारण ते कापले नसते तर मी दया दाखवली असं तिला वाटलं असतं. वही तिच्या हातात देताना म्हटलं, "बरोबर लिहिलंस. अजून लिही." तिने मान हलवली, बस्स.

आता सिंधूच्या पाठीशी कायदे आहेत. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, ते २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत गेलं आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. हे सगळं हवंच होतं. पण फौजदार समोर बसून "हे कसं लागलं?" असं विचारतो, तेव्हा उत्तर सिंधूलाच द्यायचं असतं. "पडले" हा शब्द अजूनही किती दवाखान्यांत उच्चारला जात असेल!

आणि तरी सिंधूला खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिचं प्रेम खरं आहे, तिची जबानी खोटी आहे, आणि बाळाला कोणी वाली नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. शोकांतिकेतली नीती मला वाटतं हीच. चांगलं आणि वाईट यांतून चांगलं निवडायला नाटक लागत नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा लागतं.

आपल्या घरातली नातवंडं असा निबंध घेऊन बसली, तर त्यांना बोध सांगू नका. एवढंच विचारा, की या नाटकात तुला जे माणूस सर्वांत आवडतं, त्याचं कोणतं वागणं तुला पटलं नाही? उत्तराला वेळ लागेल. लागू द्यावा.