शनिवारवाडा, कॅमेरा आणि आपण
पुण्याच्या शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पौर्णिमेच्या रात्री तेथे ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका आपणही ऐकली असेल. आम्ही चौघे वृद्ध मित्र छायाचित्रणासाठी गेलो ते मात्र कोवळ्या उन्हात. धास्ती वाटली ती दगडी पायऱ्यांची! १८२८ च्या आगीतून उरलेल्या जोत्यांवर कॅमेऱ्यातून पाहत मागे सरकू नका. सोबत्याचा हात पाठीशी असू द्या. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे बसूनही टिपता येतात. पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर न पडलेला आमचा एक मित्र हजारी कारंज्यापाशी तासभर रमला. निघताना त्याने विचारले, “पुढची पौर्णिमा कधी?”