आठवी संध्याकाळ

वऱ्हाडातला हिवाळा ऐन भरात आलेला असतो, सोयाबीन बाजार समितीत पोहोचून त्याचा हिशेब चुकता झालेला असतो, कपाशीची वेचणी चाललेली असते आणि तुरीच्या हिरव्या शेंगा घरोघर मिठाच्या पाण्यात उकडल्या जात असतात, त्या दिवसांत आमच्या मंगरूळपीरच्या माणसाला दिवेलागणीनंतर दोन घटका निवांत मिळतात. आणि अशाच एका हिवाळ्यात, ओळीने सात संध्याकाळी, गावातल्या एका लहानशा वाचनालयात मी एक कादंबरी मराठीतून सांगितली. ती खुनाची कादंबरी होती, तिच्यात हसू ठासून भरलेले होते, आणि ती ऐकणाऱ्यांनी मला जे शिकविले ते इंग्रजीच्या अध्यापनात घालविलेल्या एकतीस वर्षांत मला उमगले नव्हते. म्हणून तो सारा वृत्तान्त क्रमाने लिहून ठेवीत आहे.

आमच्या वाचनालयात रहस्यकथांचे एक स्वतंत्र कपाट आहे, आणि इतर कपाटांवर धूळ बसली तरी त्या कपाटावर ती कधी बसलेली मी पाहिली नाही. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास ही मंडळी ज्या गावात दोन-तीन पिढ्यांच्या उशाशी वस्तीला होती, त्या गावच्या वाचकाच्या मनात गुन्ह्याच्या गोष्टीविषयी एक अलिखित करार पक्का झालेला असतो: प्रेत पहिल्या प्रकरणात पडावे, संशय मधल्या पानांत हिंडावा आणि शेवटच्या पानावर अपराध्याच्या हातात बेड्या पडाव्यात. मी सांगावयास घेतलेल्या पुस्तकाने हा करार समूळ मोडला होता, आणि मला ते हेतुपुरस्सर त्यांच्यापुढे ठेवावयाचे होते.

ते पुस्तक म्हणजे अरविंद अडिगा यांची ‘द व्हाइट टायगर’ ही पहिली कादंबरी, जिला २००८ साली बुकर पारितोषिक मिळाले. बलराम हलवाई नावाचा एक इसम चीनच्या पंतप्रधानांना उद्देशून सात रात्रींच्या अवधीत पत्र लिहितो आणि त्यात आपण एका जमीनदाराच्या घरी मोटारचालक कसे झालो, धन्याला दिल्लीजवळच्या गुरगावात कसे हिंडविले, पुढे त्याच धन्याचा खून करून त्याची सात लाखांची थैली घेऊन बंगळूरला कसे पोहोचलो आणि तेथे मोटारींचा धंदा काढून प्रतिष्ठित कसे झालो, हे सारे हसतखेळत निवेदन करतो. ही कादंबरी गाजली तेव्हा तिच्यावर परस्परविरोधी मतांचा वर्षाव झाला होता. परदेशात शिकलेल्या लेखकाने देशाची बदनामी केली, असे काहींचे म्हणणे होते, तर झाकून ठेवलेले गळू कोणीतरी फोडले, असे इतरांचे. माझ्याजवळची प्रत इंग्रजी होती. तेव्हा मी ती वाचून यावी आणि संध्याकाळी मराठीत सांगावी, सात संध्याकाळींत पुरी करावी, असे ठरले.

श्रोते बारा-पंधरा असत. त्यांत न्यायालयातून निवृत्त झालेले एक नाझर होते, ज्यांची नोकरी वाशिम जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी, म्हणजे १ जुलै १९९८ च्या आधी, आपला तालुका अकोल्याखाली असताना सुरू झाली होती आणि ज्यांना दंड संहितेची कलमे हरिपाठासारखी मुखोद्गत होती. मुलींच्या शाळेच्या एक माजी मुख्याध्यापिका होत्या, ज्यांना सारे गाव नुसते ‘बाई’ म्हणते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी चार-पाच मुले होती. आणि दाराजवळच्या बाकावर, अंगावरची शाल न काढता, गावातल्या एका व्यापाऱ्याच्या मोटारीवरचा चालक बसत असे. मंगरूळपीरला रेल्वे नाही. मोठ्या दवाखान्यासाठी अकोला आणि जिल्ह्याच्या कचेरीसाठी वाशिम गाठावयाचे ते रस्त्यानेच. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून शेलुबाजारहून गाडी चढविली की मालकाचे आणि चालकाचे दिवसचे दिवस एकाच काचेच्या पेटीत जाऊ लागले आहेत. हा मनुष्य दाराजवळ बसे त्याचे कारण एवढेच, की मालकाचा फोन आला तर त्याला कोणाच्या पायांना पाय न लावता उठता यावे.

पहिल्या दोन संध्याकाळी मंडळी मनापासून हसली. देवळासमोरून गाडी जाताना बलराम भक्तिभावाने डोळ्याला हात लावतो, धनी त्याच्या श्रद्धेवर प्रसन्न होतो, हे पाहून तो मग वाटेतल्या झाडांनाही हात जोडू लागतो, हा प्रसंग सांगताना मलाही बोलणे थांबवावे लागले. ज्या गावाने आपल्या नावातच पीर वागविला आहे, जेथे दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यापुढे आणि बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत सर्व जातीधर्मांची माणसे एकाच श्रद्धेने हात जोडतात, तेथे तो हात जोडणारा मनुष्य सर्वांच्या ओळखीचा होता, आणि त्याच्या लबाडीला मिळालेले हसू ममतेचे होते.

पुढे एका संध्याकाळी रुपयाचा प्रसंग आला. धन्याच्या थोरल्या भावाच्या हातून एक रुपयाचे नाणे गाडीत हरवते, आणि तो लक्षाधीश मनुष्य चालकाला गुडघ्यांवर बसवून, ओणवे करून, ते धुंडाळावयास लावतो. शेवटी बलराम स्वतःच्या खिशातला रुपया काढून सापडल्याचे सोंग करतो आणि तो परत मिळाल्यावर त्या धनिकाचा चेहरा बालकासारखा फुलतो. मी हे अभिनयासह सांगितले. सभा हशाने दणाणली, आणि तो हशा ओसरत असतानाच दाराकडून, कोणालाही दोष न देणाऱ्या सपाट स्वरात शब्द आले, “आमच्याकडं रुपयाचं नसते सर, डिझेलच्या पावतीचं असते.” त्या वाक्याला कोणी हसले नाही. बाईंनी मात्र मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि नंतर बराच वेळ त्या खाली बघत राहिल्या.

त्यानंतरची संध्याकाळ अपघाताची. धन्याची पत्नी मद्याच्या नशेत मध्यरात्री स्वतः गाडी हाकते, रस्त्यावरचे एक मूल चाकाखाली येते, आणि दुसऱ्या दिवशी बलरामला आपुलकीने जवळ बसवून, तू तर घरचाच, असे सांगून त्याच्यापुढे कागद सरकविला जातो, ज्यावर गाडी आपणच एकटे चालवीत होतो असा त्याचा कबुलीजबाब लिहिलेला असतो. नाझरसाहेब येथे स्वस्थ बसू शकले नाहीत. २०२४ पूर्वीच्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे दंड संहितेचे कलम ३०४-अ, फार तर दोन वर्षे कैद. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे ग्राह्य नव्हता. तो दंडाधिकाऱ्यासमोर, आरोपीला पुरती समज देऊन, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवावा लागे. तेव्हा हा कागद टिकला नसता, असा त्यांनी निकालच दिला. त्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होते. पुस्तकात त्या कागदाचा उपयोग करण्याची वेळच येत नाही, कारण त्या मुलाच्या वतीने फिर्याद द्यावयास कोणी पुढे येत नाही, हे मी सांगितले आणि दाराकडे पाहिले तेव्हा बाक रिकामा होता. मी बाहेर पडलो, तेव्हा तो पायरीवर उभा होता. पूर्वीच्या एका ठिकाणी आपल्यालाही असे विचारले गेले होते, एवढेच तो म्हणाला. आपण काय उत्तर दिले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. “गाडी कोनाची, चूक कोनाची, अन् सही कोनाची,” असे स्वतःशीच बोलून त्याने शाल सावरली.

खुनाची संध्याकाळ आली त्या दिवशी वाचनालयात बसावयास जागा नव्हती. पावसाळी रात्र, निर्जन रस्ता, चाकात बिघाड झाल्याचे निमित्त, आणि विलायती मद्याच्या फुटक्या बाटलीचा घाव: या साऱ्याचे वर्णन मी संथपणे केले. शेवटी मुलांच्या बाकावरून एक टाळी आली आणि तिच्यामागून आणखी दोन-तीन आल्या. नाझरसाहेबांचा चेहरा कठोर झाला. बाई त्या मुलांना म्हणाल्या, “बाळांनो, त्या मालकानं त्याला कधी हात लावला नव्हता, हे ध्यानात ठेवा.” मुलांनीही उत्तर दिले, आणि ते उर्मटपणाचे नव्हते: हात न लावता माणसाला आयुष्यभर वाकवून ठेवता येते, हेच तर इतके दिवस आपण हसत हसत ऐकले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वादात मला आनंद झाला हे मी लपवीत नाही. पुस्तकाने माणसे अशी समोरासमोर आणावीत, यासाठीच तर मी ते निवडले होते.

सातव्या संध्याकाळी मी कथा शेवटास नेली. बलराम बंगळूरला येतो, पोलिसांना पैसे चारतो, मोटारींचा ताफा उभा करतो. त्याच्याही चालकाच्या हातून अपघातात एक मुलगा दगावतो, तेव्हा तो प्रकरण दडपतो खरा, परंतु मृताच्या घरी जाऊन मदतीचा हात पुढे करतो. बेड्या पडत नाहीत. अर्नाळकरांचा करार मोडला जातो. श्रोते अस्वस्थ होते तरी समाधानीही होते, आणि मी पुस्तक मिटीत असताना दाराकडून सात संध्याकाळींतला पहिलाच प्रश्न आला: “सर, त्याच्या घरच्याईचं काय झालं?”

मी त्या क्षणी उत्तर देऊ शकलो नाही. नंतर काही संदिग्ध बोललो आणि सभा उठली. घरी आल्यावर दिव्याखाली पुस्तक पुन्हा उघडले, आणि मग जे दिसले त्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही. लेखकाने त्या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा दिले होते. एका जमीनदाराच्या मुलाचे अपहरण होऊन तो मारला गेला तेव्हा त्या घरच्या नोकराच्या साऱ्या कुटुंबावर कोणता सूड उगविला गेला, हे कथेच्या आरंभीच येते. माणसे खुराड्यातल्या कोंबड्यांप्रमाणे दार उघडे असूनही बाहेर का पडत नाहीत, याचे कारणही तेथेच आहे: जो पळेल त्याच्या घरच्यांची शिकार होईल, आणि ती डोळ्यांदेखत होऊ देण्याची ज्याच्या मनाची तयारी आहे तोच बाहेर पडू शकेल. आजी, भाऊ, भावजया, पोरे यांचे आता काय झाले असेल, हे बलरामला ठाऊक असते. तो फक्त एका भाच्याला बरोबर घेऊन निसटतो, आणि उरलेल्यांचा विचार आला की विषय बदलतो.

हे सर्व मी वाचले होते. परंतु सांगताना खुराड्याचा दृष्टान्त तेवढा ठेवला आणि त्याचे कारण गाळले. सुडाची हकीकत अर्ध्या वाक्यात उरकली. कारण हसू रंगात आले होते, कथेचा वेग सांभाळावयाचा होता, आणि त्या पानांनी बैठकीचा रसभंग होईल असे मला वाटले होते. कादंबरीतील हास्य ज्या किमतीवर उभे आहे तो आकडाच मी माझ्या श्रोत्यांपासून लपविला होता. टाळ्या वाजविणारी मुले आणि कलमे मोजणारे नाझर या दोघांचाही वाद मी अपुऱ्या कागदपत्रांवर चालविला होता. आणि ही उणीव ज्याने पुस्तकाचे पान कधी पाहिले नव्हते त्याला जाणवली, कारण हातात चाक असताना घर आठवणे हा त्याचा रोजचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी मी निरोप पाठवून सर्वांना पुन्हा बोलाविले. त्या आठव्या संध्याकाळी अभिनय केला नाही, स्वर चढविला नाही. माझी चूक प्रथम सांगितली आणि गाळलेला प्रत्येक भाग ओळीमागून ओळ मराठीत करून ऐकविला. कोणी हसले नाही. खुनाच्या संध्याकाळी टाळी देणारा मुलगा उठून म्हणाला, की खून चुकला असे मी अजूनही म्हणणार नाही, पण टाळी मागे घेतो. बाईंना आचार्य अत्र्यांचे १९६२ चे ‘तो मी नव्हेच’ आठवले. प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेला आपण किती वेळा पोट धरून हसलो, आणि पिंजऱ्यासमोर साक्ष देणाऱ्या त्या फसविल्या गेलेल्या बायकांच्या जागी बसून ते नाटक एकदाही पाहिले नाही, असे त्या हळूच म्हणाल्या. दाराजवळच्या मनुष्याने सर्व ऐकून घेतले. “म्हंजे त्याले ठाऊक होतं,” तो म्हणाला. मी होय म्हटले. “ठाऊक असून केलं.” मी पुन्हा होय म्हटले. त्याने मान हलविली; ती संमतीची होती की निषेधाची, हे मला आजही ठरविता येत नाही. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला आणि जाताना, थंडी आत येऊ नये म्हणून, त्याने दार बेताने ओढून घेतले.

वाचनालयाच्या कार्यक्रमांची नोंदवही नाझरसाहेबांकडे असते. ‘कादंबरीकथन, संध्याकाळी सात’ अशी नोंद त्यांनी आदल्या दिवशीच केली होती. आता ‘सात’वर एक रेघ ओढून त्यांनी वर ‘आठ’ लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकविली. दप्तरातल्या दुरुस्तीवर सही असावी लागते, आणि ती ज्याची चूक त्याचीच असावी लागते, असा शिरस्ता त्यांनी मला समजावून सांगितला. मी सही केली.